मिनीडिस्कचा सातबारा

मिनीडिस्कवरचं कीर्तन पुसलं तरी ते तबकडीवरून जात नाही. जिथं होतं तिथंच पडून असतं; जाते ती फक्त त्याची नोंद. उलट बाजूही तितकीच खरी आहे. दोन तासांचं कीर्तन तबकडीवर व्यवस्थित उतरलं, पण शेवटी नोंदच झाली नाही, तर यंत्राच्या लेखी ती तबकडी कोरी. या रेकॉर्डरची सगळी सोय आणि त्याचा सगळा धोका या एका रचनेतून येतो. ती नीट समजली तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं हे यंत्र आजही चांगलं चालवता येतं, आणि त्याच्या तबकड्यांत अडकलेले आवाज बाहेरही काढता येतात.

आमच्या जालना जिल्ह्यात अशा तबकड्या कुणाकडे असणार, असं कुणी विचारेल. फार लोकांकडे नाहीतच. सोनीनं मिनीडिस्क १९९२च्या नोव्हेंबरात जपानमध्ये बाजारात आणली. एमझेड-१ हा तिचा पहिला हातात घेऊन फिरण्याजोगा रेकॉर्डर. जपानमध्ये ती घरोघर गेली, युरोपात रेडिओच्या बातमीदारांनी ती उचलली. भारतात मात्र कॅसेट इतकी स्वस्त आणि इतकी सर्वत्र होती, की तिची सद्दी संपेपर्यंत सीडी आणि एमपीथ्री येऊन ठेपले होते. मधलं हे स्टेशन आपण घेतलंच नाही. इथं जी थोडी यंत्रं आली ती आखातात किंवा सिंगापूरला नोकरीला असलेल्यांच्या बॅगांतून. माझ्याकडचंही तसंच आलं. दिलं होतं गाणी ऐकायला. पण त्याला माइक लावायची जागा आहे असं दिसलं आणि ते सप्ताहाला जाऊ लागलं.

आधी तबकडी पाहू. प्लॅस्टिकच्या चौकोनी डबीत ६४ मिलिमीटर व्यासाची चकती बसवलेली असते. डबीचं माप ७२ बाय ६८ मिलिमीटर, जाडी ५. कडेला एक सरकती झडप. ती यंत्रात गेल्यावरच उघडते, त्यामुळे काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळ आतल्या चकतीपर्यंत सहजासहजी पोचत नाही. कंपनीनं गाणी भरून विकलेल्या डिस्कची झडप एकाच बाजूला उघडते. आपण ज्यावर रेकॉर्ड करतो तिची दोन्ही बाजूंना, कारण तिला खालून लेसर लागतो आणि वरून चुंबक.

हा लेसर-चुंबकाचा जोड म्हणजे या यंत्राची मूळ करामत. चकतीत टर्बियम, लोखंड आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचा अतिशय पातळ थर असतो. हा थर थंड असताना चुंबकाला दाद देत नाही. साधारण १८० अंश सेल्सियसपर्यंत तापवला, की मात्र आपली चुंबकी दिशा सोडून देतो. रेकॉर्ड करताना खालून लेसर एका सूक्ष्म ठिपक्याला तेवढं तापवतो. वर, चकतीला जवळजवळ टेकलेलं चुंबकी हेड शून्य आणि एक यांच्या हिशेबानं आपली दिशा सतत उलटीपालटी करत असतं. चकती फिरते, ठिपका पुढं सरकतो, निवतो. निवताना चुंबकाची जी दिशा असेल ती त्याच्यात राहून जाते. जुनं आधी पुसावं लागत नाही, त्याच फेरीत नवं त्यावर बसतं. एक डिस्क दहा लाख वेळा पुन्हा वापरता येईल असं सोनी सांगायची. ते मोजून पाहण्याइतकं आयुष्य कुणाकडे आहे!

वाजवताना चुंबकाचं काही काम नसतं. तोच लेसर मंद करून ठिपक्यांवर सोडतात. परत येणाऱ्या प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा ठिपक्याच्या चुंबकी दिशेप्रमाणे किंचित, एका अंशाहूनही कमी, इकडे किंवा तिकडे वळलेली असते. जॉन केर या स्कॉटिश शास्त्रज्ञानं १८७०च्या दशकात हा परिणाम शोधला होता. त्या वळणावरून यंत्र शून्य की एक ते ओळखतं. यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. स्पीकरच्या मोठ्या चुंबकाशेजारी ठेवल्यानं मिनीडिस्क पुसली जात नाही. चुंबक आहे, पण उष्णता नाही. आणि आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊनही ती पुसू शकत नाही. मात्र बंद जीपमध्ये काचेखाली ठेवली तर डबीचं प्लॅस्टिक वाकडं होऊ शकतं, आणि वाकडी डबी यंत्रात अडकते. तेव्हा ठेवायची पिशवीतच.

एवढ्याशा चकतीवर ७४ मिनिटं मावतात, कारण आवाज आटवून भरलेला असतो. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा-उजवा मिळून दोन प्रवाह: सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट. मिनीडिस्कवर त्यातले साधारण २ लाख ९२ हजार लिहिले जातात. बाकीचे टाकायचे कोणते हे ठरवणाऱ्या पद्धतीचं नाव अॅट्रॅक. ती आवाजाचे बारीक तुकडे करते, प्रत्येक तुकडा उंच-खोल पट्ट्यांमध्ये वाटते, आणि कानाला जे तसंही ऐकू येणार नाही त्यावर बिट खर्चत नाही. मृदंगावर थाप पडते त्या क्षणी मागं कुणाच्या धोतराची सळसळ झाली तर ती तुम्हाला ऐकू येत नसते. अॅट्रॅक ती सोडून देते. नेहमीच्या गतीला, म्हणजे एसपीला, हा हिशेब इतका चांगला जमतो की माझ्या कानाला तरी तक्रार नाही. संग्रहालयांना मात्र ही काटछाट मान्य नव्हती, आणि त्यांचं बरोबर होतं. म्हणून त्या काळात ज्यांना परवडे ते डॅट नावाच्या डिजिटल टेपवर काटछाट न करता रेकॉर्ड करत.

२००० साली एमडीएलपी ही जास्त वेळ भरण्याची सोय आली. ८० मिनिटांच्या डिस्कवर एलपी-२मध्ये १६० आणि एलपी-४मध्ये ३२० मिनिटं. मोह होतो, पण एलपी-४वर हरिपाठ कधी रेकॉर्ड करू नये. वीस-पंचवीस टाळ एकदम वाजतात तेव्हा तो झणत्कार म्हणजे कुठल्याही अशा पद्धतीची कठीण परीक्षा. सगळं एकाच वेळी, सगळं उंच स्वरात, आणि लपवायला मागं काही नाही. एलपी-४वर ते टाळ पाण्याखाली वाजल्यासारखे येतात. आणखी एक: एलपीमध्ये भरलेली डिस्क १९९०च्या दशकातल्या यंत्रात घातली तर ती चालताना दिसते, सेकंद पुढं जातात, पण आवाज येत नाही. डिस्क बिघडली समजून टाकून देऊ नका. यंत्र जुनं आहे इतकंच.

आता मूळ मुद्दा. डिस्कच्या आतल्या कडेला थोडी जागा राखून ठेवलेली असते, तिला टीओसी म्हणतात, म्हणजे अनुक्रमणिका. कितवा ट्रॅक कुठल्या जागेपासून कुठल्या जागेपर्यंत, आणि त्याचं नाव काय, एवढंच तिच्यात असतं. आवाजाच्या तुलनेत ही माहिती अगदी चिमूटभर. पण शेत जागेवर असलं तरी सातबाऱ्यावर नाव नसेल तर तलाठ्याच्या दप्तरात ते तुमचं नसतं, तसंच इथं आहे. यंत्र कधीही शेतात जाऊन बघत नाही. ते सातबारा वाचतं.

म्हणूनच कॅसेटवर जे स्वप्नातही शक्य नव्हतं ते इथं अंगठ्यानं होतं. एका कीर्तनाचे दहा तुकडे करायचे? नोंदीत दहा ओळी होतात. आवाजाला धक्काही लागत नाही. पाचवा अभंग पहिला आणायचा? अनुक्रम बदलतो. मधली सूचना, ‘एमएच-२१ क्रमांकाची गाडी कुणाची आहे, बाजूला घ्या’, काढायची? तिच्या दोन्ही बाजूंना खूण करून तो ट्रॅक पुसायचा आणि उरलेले दोन जोडायचे. ऐकताना फट कळत नाही, कारण यंत्र आवाज आधीच स्मृतीत भरून ठेवतं आणि उडी मारायला त्याला वेळ मिळतो. मर्यादाही नोंदवहीच्याच: ट्रॅक जास्तीत जास्त २५५, नावांसाठी सगळी मिळून साधारण १,७०० अक्षरं. खूप काटछाट केलेल्या डिस्कवर प्रत्येक तुकड्याला वहीतली एक ओळ लागते, त्यामुळे जागा शिल्लक असतानाही डिस्क भरली असं यंत्र म्हणू शकतं. ते खोटं बोलत नसतं, वही भरलेली असते. नावं रोमन किंवा जपानी अक्षरांत, देवनागरी नाही. शिवाय एकेक अक्षर चाक फिरवून शोधायचं. त्यापेक्षा रेकॉर्डिंग सुरू झालं की माइकमध्येच गाव, तारीख, महाराजांचं नाव बोलून टाकावं. डबीवरचा कागद गळून पडतो, हे पडत नाही.

धोका आहे तो नोंद होण्याच्या वेळेचा. रेकॉर्ड करत असताना नवी नोंद यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राहते. स्टॉप दाबल्यावर, काही यंत्रांत डिस्क काढताना, ती डिस्कवर लिहिली जाते; पडद्यावर टीओसी हा शब्द लुकलुकतो आणि यंत्र बारीक कुरकुरतं. या काही सेकंदांत ते हलवायचं नाही, वायर ओढायची नाही, झाकणाला हात लावायचा नाही. मांडवातल्या बोर्डाच्या विजेवर यंत्र चालवलं आणि कीर्तन चालू असताना लाइट गेली, तर आवाज चकतीवर असतो आणि सातबारा कोरा असतो. मांडवात लाइट जाणं ही काही अपवादाची गोष्ट नाही. म्हणून नियम साधा: अडॅप्टर लावला तरी आत भरलेली बॅटरी हवीच. बहुतेक यंत्रांत च्युइंगगमच्या पट्टीसारखी चपटी निकेलची बॅटरी असते. जुन्या बॅटऱ्या आता मेलेल्या किंवा गळलेल्या निघतात. पण सोबत साध्या पेन्सिल सेलची डबी बाहेरून लावता येते, आणि तो सेल मंठ्यापासून जाफराबादपर्यंत कुठल्याही किराणा दुकानात मिळतो.

नोंद गेलीच, तर उपाय नाही असं नाही. हौशी दुरुस्तीवाल्यांनी शोधलेली युक्ती अशी: दुसऱ्या एका डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच लांब ट्रॅक भरायचा. मग त्यात एखादा किरकोळ बदल करायचा, म्हणजे यंत्राच्या स्मृतीत ‘सगळी जागा एका ट्रॅकची’ अशी नोंद लिहायची बाकी राहते. झाकण उघडल्याचं कळवणारा छोटा स्विच दाबून धरून, यंत्राच्या नकळत, डिस्क बदलायची आणि मग ती नोंद लिहू द्यायची. ती गेलेल्या डिस्कवर उतरते, आणि हरवलेला सगळा आवाज एका अखंड ट्रॅकच्या रूपात पुन्हा हाती येतो. अट एकच, मधल्या काळात त्या डिस्कवर काही नवं रेकॉर्ड केलेलं नसावं. हा फेरफार खोटा, पण जमीन खरी! झाकणाशी खटपट करण्याची सवय नसेल तर हे काम माहीतगारावर सोपवलेलं बरं.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंगकडे येऊ. कीर्तनासाठी मी मोनो निवडतो. ७४ मिनिटांची डिस्क मोनोमध्ये १४८ मिनिटं चालते. रात्री नऊला उभं राहिलेलं कीर्तन अकराला संपतं, ते एका दमात मावतं. नव्वदच्या कॅसेटवर पंचेचाळीस मिनिटांनी बाजू पालटावी लागे, आणि ती वेळ हमखास महाराजांनी दृष्टांत सुरू केल्यावरच येई. मोनोनं काही बिघडतही नाही. कर्ण्यांतून येणारा आवाज तसाही एकच असतो. काही यंत्रांत दर पाच-दहा मिनिटांनी आपोआप ट्रॅकची खूण पाडण्याची सोय आहे. ती चालू ठेवावी, मग नंतर शोधणं सोपं जातं.

पातळीचं गणित मात्र समजून घ्यावं लागतं. यंत्र स्वतःहून आवाजाची पातळी सांभाळतं, ते बैठकीतल्या गप्पांना ठीक. कीर्तनात टाळ-मृदंगाचा गजर झाला की ते पातळी खाली ओढतं, आणि गजर थांबून महाराज एकटे बोलू लागले की हळूहळू वर आणतं. पहिली दोन-तीन वाक्यं विहिरीतून आल्यासारखी येतात. त्यामुळे रेकॉर्डिंग थांबवलेल्या स्थितीत, म्हणजे पॉजवर, ठेवून हाती पातळी निवडावी. मोठ्यातल्या मोठ्या गजराला काटा उणे १२ डेसिबलच्या खुणेजवळ जाऊ द्यावा, त्यापुढं नको. सोनीच्या बऱ्याच यंत्रांचा एक खोडसाळपणा असा, की स्टॉप केलं की ही निवड विसरली जाते. प्रत्येक वेळी पुन्हा करायची. कर्ण्याजवळ बसायची वेळ आली तर माइकची संवेदनशीलता ‘लो’वर घ्या, नाहीतर फाटलेला आवाज पातळी कमी करूनही फाटलेलाच राहतो, कारण तो पातळीच्या आधीच, माइकच्या अॅम्प्लिफायरमध्ये, फाटलेला असतो. साऊंडवाल्याशी ओळख असेल तर सर्वांत उत्तम: त्याच्या अॅम्प्लिफायरच्या लाइन-आऊटमधून वायर घ्यायची आणि यंत्राच्या लाइन-इनला लावायची. माइकच्या भोकात ती वायर कधीही नाही.

रेकॉर्डिंग ऐकताना दर काही सेकंदांनी घुर्र असा बारीक आवाज येत असेल, तर तो यंत्राचाच आहे. आवाज आधी स्मृतीत साठतो आणि मग झपकन डिस्कवर लिहिला जातो. तेवढ्यापुरती मोटर जोरात फिरते. ज्यांनी माइक थेट यंत्राला खोचला त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये ही घुरघुर कायमची बसलेली असते. मीटरभर वायर मध्ये घातली की प्रश्न मिटतो. याच स्मृतीमुळे मोटारसायकलवर खड्ड्यातून जाताना गाणं अडखळत नाही. चकतीवरून वाचण्याचा वेग गरजेच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे पहिल्या यंत्रांतही दहा सेकंदांचा आवाज पुढचा शिल्लक असे, नंतरच्यांत चाळीसचा.

जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या असतील तर सगळं उलटं. इथं स्टिरिओ घ्यावा, एसपीच. दोघीजणी समोरासमोर बसतात, एक ओवी उचलते, दुसरी तिला साथ देते. कोण कुठं बसली आहे हे ऐकताना कळलं पाहिजे. माइक जमिनीवर ठेवला तर जात्याची घरघर फरशीतून त्यात चढते. स्टुलावर घडी केलेली गोधडी, तिच्यावर माइक, दोघींच्या तोंडाच्या उंचीला. यंत्र दूर, वायरच्या टोकाला. आजींना विचारल्याशिवाय बटण दाबायचं नाही, आणि झाल्यावर हेडफोन त्यांच्या कानाला लावून थोडं ऐकवायचं. आपलाच आवाज ऐकल्यावर पुढच्या ओव्या निघतात.

या कामाचं मोठं उदाहरण मराठीत आहेच. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी त्यांची माहिती संगणकावर रचली, आणि शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं. आज ‘परी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकता येतात. तिथं प्रत्येक ओवीपाशी गायिकेचं नाव आणि गाव आहे. आवाज जपून ठेवला आणि कुणाचा ते लिहिलं नाही, तर काय हाती राहतं हे तो संग्रह पाहिल्यावर समजतं.

आता आवाज डिस्कमधून बाहेर काढणं. इथं मिनीडिस्कवाल्यांवर कंपनीनं अन्याय केला असं माझं स्पष्ट मत आहे. २००१ साली नेट-एमडी यंत्रं आली, त्यांना यूएसबीची वायर होती. पण ती संगणकातून डिस्कवर गाणी टाकण्यापुरती. तुम्ही स्वतःच्या माइकनं केलेलं रेकॉर्डिंग त्याच वायरीनं संगणकात नेता येत नसे. गाण्यांची चोरी होईल ही कंपनीची भीती, आणि तिची शिक्षा आजीच्या ओव्यांना. २००४मध्ये हाय-एमडी आली: १ जीबीची नवी डिस्क, आणि काटछाट न करता सीडीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग. २००६च्या एमझेड-आरएच१ या शेवटच्या मोठ्या यंत्रानं अखेर जुन्या डिस्कांवरचं रेकॉर्डिंगही यूएसबीनं बाहेर द्यायला सुरुवात केली. म्हणूनच ते आज जुन्या बाजारात महाग आहे.

ते नसेल तर हेडफोनच्या किंवा लाइन-आऊटच्या जागेतून साधी वायर संगणकाला लावायची आणि वाजत असताना पुन्हा रेकॉर्ड करायचं. दोन तासांच्या कीर्तनाला दोन तास लागतात. टोनची सगळी बटणं बंद, आवाज तीन-चतुर्थांशावर. घरी ठेवायचा मोठा मिनीडिस्क डेक आणि त्याला ऑप्टिकल आऊट असेल तर हेच काम डिजिटल होतं. अलीकडे हौशी लोकांनी वेब मिनीडिस्क प्रो नावाचं साधन तयार केलं आहे. ते ब्राउझरमध्ये चालतं, आणि सोनीच्या काही नेट-एमडी यंत्रांमधून तो मूळ आवाज यूएसबीनं काढून देतं. कंपनीनं बंद ठेवलेलं दार लोकांनी वीस वर्षांनी उघडलं.

हे काम लांबणीवर टाकण्यात अर्थ नाही. सोनीनं मिनीडिस्क वॉकमन पाठवणं २०११च्या सप्टेंबरात थांबवलं, डेक २०१३मध्ये, आणि कोऱ्या डिस्क बनवणं २०२५च्या फेब्रुवारीत. डिस्क टिकतील, यंत्रं टिकणार नाहीत.

जुनं यंत्र विकत घेताना बहुतेकजण त्यात भरलेली डिस्क घालतात, आवाज आला की खूश होतात. त्यातून फक्त लेसर जिवंत आहे एवढं कळतं. वरचं चुंबकी हेड नाजूक पट्टीवर टांगलेलं असतं. ते वाकलं किंवा त्याची चपटी केबल तुटली तर यंत्र वाजवतं, पण लिहीत नाही. रेकॉर्डिंग चालू आहे असं पडद्यावर दिसत राहतं. म्हणून विक्रेत्यासमोर एक जुनी, भरलेली, पुसली गेली तरी चालेल अशी डिस्क घाला. डबीच्या कडेचा संरक्षणाचा खटका उघडा नाही ना पाहा. तिच्यावर पाच मिनिटं काहीही बोला. स्टॉप करा, टीओसी लुकलुकायचं थांबू द्या, डिस्क बाहेर काढा आणि परत घाला. तुमचंच बोलणं ऐकू आलं तर पैसे द्या. आधीचं गाणं किंवा शांतता ऐकू आली तर यंत्र परत करा.